शेवटी येणाऱ्याच्या हातचे मीठ

तंजावरला आलेल्या मराठी पाहुण्याने मोठे देऊळ पाहिले, राजवाडा पाहिला, की त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. आता जेवायचे कुठे, आणि चांगली कॉफी कुठे मिळेल? पंचनदराव या प्रश्नाची वाटच पाहत असतात. सत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ राजवाड्याच्या आवारात पाहुण्यांना माहिती सांगतात, आणि तिथली चित्रे व शिलालेख जरा घाईनेच उरकतात. खरा रंग त्यांना चढतो तो पाहुण्यांना घेऊन मागच्या अंगाच्या अरुंद गल्लीत शिरल्यावर.

त्या गल्लीत येसूअक्काची खाणावळ आहे. घर देशस्थांचे, स्वयंपाकात कांदा-लसणाचे नाव नाही. पण दारावर, जिथे आपण आंब्याचा टाळ बांधतो तिथे, लसणाची घसघशीत माळ टांगलेली असते. आत केळीची पाने मांडलेली, वांगीभात वाढलेला, डांगर, चिंचेचे सार, कढी, सगळे जागच्या जागी. फक्त मीठ नाही. आणि मीठ वाढल्याशिवाय त्या पंगतीत कोणी घास उचलत नाही.

साताऱ्याहून आलेल्या कासेगावकरांनी परवा विचारलेच, "मीठ विसरले वाटतं?"

"विसरलं नाही ओ," पंचनदराव म्हणाले. "शेवटचा माणूस यायचा आहे. तो आला की तोच वाढील."

शेवटचा माणूस म्हणजे कासेगावकरांचीच बायको. दुकानातली सीलबंद पाण्याची बाटली मिळेपर्यंत ती कोपऱ्यावरून हलणार नव्हती. परमुलखातले पाणी, परमुलखातले हात, कोणी सांगावे! तेव्हा भात निवत राहिला आणि पंचनदरावांना सांगायला सवड मिळाली.

फार वर्षांपूर्वीची, राजांच्या अमदानीतली गोष्ट. राजवाड्यात तिमाजी नावाचा एक चाखणीस होता, असे सांगतात. राजाच्या ताटातले प्रत्येक अन्न आधी स्वतःच्या जिभेवर ठेवायचे, आणि आपण धडधाकट राहिलो तर ताट पुढे जाऊ द्यायचे, हे त्याचे काम. माणूस कामात पक्का. पण राजवाड्यातला संशय संध्याकाळी तिथेच ठेवून घरी येणे त्याला कधी जमले नाही. घरीही तो भाताचा वास घेई, आमटी बोटावर घेऊन बघे, दुधाचा पेला उजेडात धरी. त्याची बायको म्हणे त्या वास घेण्याला कंटाळूनच माहेरी निघून गेली. तेव्हापासून तिमाजी स्वतःच्या हाताने शिजवून खाई, आणि तेही जरा जपूनच.

एकच पदार्थ तो कधी चाखत नसे, तो म्हणजे मीठ. राजाच्या पानावर मीठ चाखणिसानेच वाढायचे, आणि ते कुलदेवी भवानीची शपथ घेऊन वाढायचे, अशी तिथली रीत होती. मीठ वाढणारा हात शपथेचा. त्यावर संशय घ्यायचा तर मग जगात उरलेच काय?

त्याच काळात येसूअक्काची खाणावळ भरभराटीला आली होती. अक्का विधवा बाई, मागे-पुढे कोणी नाही, पण हाताला अशी चव की सेतूच्या यात्रेला निघालेली देशावरची माणसे वाट वाकडी करून तिच्याकडे जेवायला येत. शेजारच्या गल्लीत कोंडोपंत नावाच्या गृहस्थाची जुनी खाणावळ होती, ती हळूहळू ओस पडली. दुसरा कोणी असता तर भांडला असता. कोंडोपंतांनी चूल विझवली, अळणी अन्नाचे व्रत घेतले, आणि फणसाच्या लाकडाची दोन कप्प्यांची मिठाची पेटी घेऊन ते रोज अक्काच्या पंगतीत मीठ वाढायला येऊ लागले. एका कप्प्यात समुद्राचे मीठ, दुसऱ्यात सैंधव. गावाने तोंडात बोट घातले. धंदा बुडाला तरी मनात किल्मिष नाही, याला म्हणतात मोठेपण! अक्का त्यांच्यासाठी रोज एका लहान पातेलीत निराळा अळणी वरणभात शिजवी.

आणि मग माणसे आजारी पडू लागली.

आधी एक वाटसरू, मग आणखी एक. जेवून उठले की पोटात आग, उलट्या, हातापायांत गोळे. ते कसेबसे वाचले. पण पैठणहून रामेश्वराला निघालेला एक म्हातारा यात्रेकरू अक्काच्याच ओसरीवर गेला. त्याने अखेरचे पाणीही तिच्याच हातचे मागितले, आणि भोवतीच्या माणसांनी ते तिला देऊ दिले नाही. ही गोष्ट अक्काच्या जिव्हारी लागली. मरणाऱ्या माणसाच्या तोंडात मी पाणीसुद्धा घालू नये असे लोकांना वाटते, म्हणजे मी आता या गावात जगायचे तरी कसे?

गाव बोलू लागले. एकटी बाई, एवढे चविष्ट शिजवते, त्यात काय घालते कोण जाणे. कोणी म्हणाले, वशीकरणाची मुळी घालते आणि एखाद्याला ती जास्त होते. काल दोन वेळा भात मागून घेणारे आज अंगावर काटा आल्याचे सांगू लागले. गोष्ट दरबारात गेली आणि हुकूम निघाला. चाखणिसाने अमावास्येपर्यंत खाणावळीत बसावे आणि शोध घ्यावा. दोष सापडला तर चूल फोडून बाईला वेण्णार नदीपलीकडे घालवून द्यावे. दोष सापडला नाही, पण बाई निर्दोष असल्याचेही चाखणिसाला सांगता आले नाही, तरीही तेच करावे.

तिमाजी येऊन बसला. संशय हा त्याचा धंदाच, त्यामुळे तो कसून लागला. त्याने भांड्यांची कल्हई पाहिली. विहिरीचे पाणी वेगवेगळ्या वेळी काढून चाखले. दूध घालणाऱ्या गवळणीला तिच्याच चरवीतले दूध प्यायला लावले. केळीची पाने मागून-पुढून हुंगली, कुणी काही चोळले असेल म्हणून. वाढपिणीच्या पदराची गाठ सोडून पाहिली, तर आत देवळातला अंगारा निघाला. तिमाजीने तोही चाखला.

सगळ्यांत जास्त तो अक्काकडे पाही. ही बाई चिडत का नाही? खरे निर्दोष माणूस एवढे शांत असते का? की शांत राहायचे आधीच ठरवून बसली आहे?

रोज दुपारी अक्का त्याच्यासमोर उभी राही आणि विचारी, "संशय फिटला का, चाखणीस?"

"नाही."

"मग बसा. भात निवतोय."

तो बसे, पण प्रत्येक घास जिभेच्या टोकावर थांबवून, डोळे मिटून, कुठे काही बोचते का ते बघत गिळी. मीठ कोंडोपंत वाढत. त्या मिठाकडे तिमाजीचे लक्षही जात नसे. मीठ वाढणारा हात तो, त्याला काय बघायचे?

तिमाजी बसला तेव्हापासून कोणीही आजारी पडले नाही. अक्काला वाटले, आता तरी लोक निवळतील. झाले उलटेच. चाखणीस डोळ्यांसमोर आहे म्हणून बाई सध्या गप्प आहे, असे लोक म्हणू लागले. जे थोडे जेवायला येत ते शेजाऱ्याच्या पानाकडे बघत जेवत. आपल्याला वाढलेला भात आणि त्याला वाढलेला भात एकाच पातेल्यातला आहे ना? त्याने कढी का नाही घेतली? त्याला काही माहीत आहे की काय? पंगतीतले बोलणे थांबले. नुसता चावण्याचा आवाज येई, आणि तो ऐकून अक्का चुलीकडे तोंड करून डोळे पुसी.

अमावास्येच्या आदल्या दुपारी पंगत उठली. तिथे आपले उष्टे पान आपणच मुडपून टोपलीत टाकायची पद्धत होती. तिमाजीला मात्र एक खोड होती. टोपलीतली पाने तो पुन्हा उलगडून बघे, कोणी काय टाकले ते कळावे म्हणून. लोकांना त्याची किळस येई. त्या दिवशी त्याने एक पान उलगडले. वर डाव्या कोपऱ्यात वाढलेले मीठ जसेच्या तसे. ते कोंडोपंतांचे पान, त्यांना अळणी व्रत, तेव्हा मीठ राहणारच. पण उरलेल्या भाताखाली दडवलेली लिंबाच्या लोणच्याची चोखलेली साल होती.

तिमाजी ती साल हातात धरून बसून राहिला.

अळणी व्रताचा माणूस लोणचे खातो? खारात मुरलेले लोणचे? म्हणजे व्रत खोटे. पण खोटे व्रत मिरवायचे कशाला? वरणभात अळणी खायचा, लोक नसताना बरणीतले लोणचे चोखायचे, एवढा खटाटोप कशासाठी? याने काय साधते? तेव्हा त्याच्या ध्यानात आले. साधते एवढेच, की स्वतःच्या पेटीतले मीठ स्वतःला कधी तोंडात घालावे लागत नाही, आणि का घातले नाही असे कोणी विचारतही नाही.

सगळे चाखले आणि तेवढे एक सोडून दिले. कोणी आंधळ्याने केली नसती अशी चूक, ती नजरेच्या माणसाने केली. तो उठून अक्काकडे गेला आणि विचारले, "लोणच्याची बरणी कोण काढतं?"

"माझ्याशिवाय कोण?" अक्का म्हणाली. मग जरा ओशाळून म्हणाली, "पण हल्ली बरणीतलं लोणचं आपोआप कमी होतंय. मी वाढपिणीवर संशय घेतला. माझ्यावर सगळा गाव संशय घेतोय, आणि मी त्या गरीब बाईवर घेतला."

दुसऱ्या दिवशी अमावास्या. आज काय होते ते बघायला गाव लोटला. पंगतीत नवखे म्हणून कऱ्हाडकडचे एक नवरा-बायको होते, सेतूला निघालेले. कोंडोपंत पेटी घेऊन वाढत आले. गावच्या लोकांना त्यांनी एका कप्प्यातून वाढले. नवख्या जोडप्यासमोर आल्यावर त्यांचा हात दुसऱ्या कप्प्यात गेला.

तिमाजीने ते मनगट धरले.

"पंत, या कप्प्यातली चिमूट आधी तुमच्या जिभेवर ठेवा."

"माझं व्रत आहे हे सगळं तंजावर जाणतं," कोंडोपंत शांतपणे म्हणाले.

"ते व्रत लोणच्याबरोबर सुटलं. तुमच्या पानात साल सापडली."

पंगतीत कुजबुज झाली. कोंडोपंतांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. मग ते मोठ्याने म्हणाले, "खोट काढायला बसलेल्या माणसाला साल काय, काहीही सापडेल. घर कोणाचं? अन्न कोणाचं? मीठ वाईट आहे असं म्हणता, तर अक्काने खाऊन दाखवावं. तिचं मन साफ असेल तर तिला भीती कसली?"

आणि लोकांना ते पटले! "खा अक्का," कोणी म्हणाले. "एकदाचा संशय तरी फिटेल." दुसरा म्हणाला, "नाही, पंतांनाच खाऊ द्या." तिसरा म्हणाला, दोघांनी खावे. कोण मरतो हे बघायची गावाला घाई झाली होती.

तेव्हा तिमाजीने पेटीकडे हात नेला. "माझं कामच आहे ते," तो म्हणाला. खरे सांगायचे तर त्याला भीती वाटली नाही. उलट सुटल्यासारखे वाटले, असे म्हणतात. इतकी वर्षे ज्या घासाची वाट पाहिली तो हाच असेल तर असू दे.

पण अक्काने पेटी ओढून घेतली.

"माझ्या पंगतीत एक म्हातारा गेला," ती म्हणाली. "आता खरंखोटं करायला दुसरा नको. चाखणीस नको, मी नको, आणि हे पंतसुद्धा नकोत. माझ्या घरी माणूस जेवायला येतो, मरायला नाही. मला घालवायचं तर घालवा."

तिने दोन्ही मुठी भरून ते मीठ घेतले. लेकरांची दृष्ट काढतात तसे ते साऱ्या पंगतीवरून ओवाळले, नवख्या जोडप्यावरून, गावकऱ्यांवरून, कोंडोपंतांवरूनही, आणि चुलीतल्या निखाऱ्यांवर टाकले. मीठ तडतडले. पांढरा धूर उठला, आणि त्या घरात, जिथे लसणाची पाकळी कधी उंबरा ओलांडून आली नव्हती, तिथे लसणाचा उग्र वास भरला.

"सोमल!" तिमाजी ओरडला. "बाहेर व्हा सगळे! सोमलाचं विष निखाऱ्यावर पडलं की असाच वास येतो."

लोक पदर, उपरणी नाकाला लावून बाहेर पळाले. पण सोमलाचा वास कोणाला माहीत? लसणाचा मात्र सगळ्यांना. कोंडोपंत गल्लीत उभे राहून म्हणाले, "बघा! सोवळ्यातली म्हणवते, आणि हिच्या चुलीत लसूण शिजतो!" अर्ध्या गल्लीने मान डोलावली. विषाचा विषय बाजूला राहिला आणि लसणावरून वाद जुंपला. त्या गोंधळात कोंडोपंत निघून गेले. पुढे ते तंजावरात कोणाला दिसले नाहीत.

दरबारात तिमाजीला विचारले, "पुरावा काय?"

"पुरावा तिने जाळला."

"का जाळला?"

"कारण तो कोणालातरी खावा लागला असता."

"तू स्वतः काय चाखलंस?"

"काहीच नाही," तिमाजी म्हणाला. "पण ती निर्दोष आहे हे मी माझ्या जिवावर सांगतो. उद्यापासून मी राजवाड्यातलं चाखणं सोडतो. तिच्या पंगतीतलं मीठ मी वाढीन, आणि पहिली चिमूट रोज माझ्या जिभेवर ठेवीन. ज्या दिवशी मी पडेन त्या दिवशी तिची चूल फोडा."

चूल राहिली. तिमाजीने पहिल्याच दिवशी दारावर लसणाची माळ टांगली. लसणाचा वास कसा असतो तो येणाऱ्याने दारात घ्यावा, आणि तसा वास आत आला तर जेवणावरून उठून जावे. लोक हसले. हसत हसत पुन्हा जेवायला येऊ लागले.

अक्काचा प्रश्न मात्र सुटला नाही. रोज ती विचारी, "संशय फिटला का, चाखणीस?" आणि तिमाजी खरे तेच सांगे, "नाही." तिच्यावरचा तो कधीच फिटला होता. पण एका माणसावरचा फिटला की दुसऱ्यावर जडे. आज मीठ कोणी आणले? मडक्यावरचे झाकण कोणी काढले? चिमूट जिभेवर ठेवायची, जेवण होईतो पंगतीवर नजर ठेवायची, आणि आपण मागाहून उभ्यानेच चार घास गिळायचे, असे त्याचे आयुष्य गेले.

म्हातारपणी त्याच्या जिभेची चव गेली. खारट-आंबट काही कळेना. एके दिवशी चिमूट तोंडात ठेवून तो तसाच उभा राहिला. हे मीठ आहे की माती, ते त्याला सांगता येईना. पाने वाढलेली, माणसे थांबलेली. तेवढ्यात दारातून एक अनोळखी वाटसरू घाईने आत आला. तिमाजीने त्याच्याकडे नीट पाहिले. हा आत्ता आला. इथे कोणाचे कोणाशी वैर आहे ते याला माहीत नाही. आत काय ठरले, काय शिजले, तेही माहीत नाही. त्याने मिठाची वाटी त्या माणसाच्या हातात दिली.

"आधी स्वतः घे, बाबा. मग सगळ्यांना वाढ."

वाटसरूने चिमूट तोंडात टाकली आणि वाढू लागला. तिमाजी पहिल्यांदाच पंगतीत बसला. त्याच्या पानावर मीठ पडले, अक्काने भात वाढला. अक्काही आता वाकली होती. तिने नेहमीसारखे विचारले, "संशय फिटला का?"

तिमाजीने भात कालवला. त्याने वास घेतला नाही, घास जिभेच्या टोकावर थांबवला नाही. तो नुसता जेवला. भात, सार, पुन्हा भात. आणि जेवता जेवता ढसाढसा रडला, असे सांगतात. अक्का त्याच्यासमोर उभी राहून त्याला वाढत राहिली.

पंचनदराव थांबले, कारण कासेगावकर काकू बाटली काखेत धरून दारात आल्या होत्या आणि लसणाच्या माळेकडे संशयाने बघत होत्या. त्यांना हाताला धरून आत आणले आणि मिठाची वाटी त्यांच्या हाती दिली. सगळी पंगत त्यांच्याकडे बघत होती.

"आजही असंच चालतं ओ," पंचनदराव म्हणाले. "आधी तुम्ही घ्यायचं, मग वाढायचं."

"पण ते खरंच सोमल होतं का?" कासेगावकरांनी हळूच विचारले. "की बाईने मुद्दामच जाळलं?"

"पलीकडच्या, कोंडोपंतांच्या गल्लीत विचाराल तर ते तसंच सांगतील. अजून सांगतात." पंचनदराव हसले. "म्हणून तर मीठ आमच्या हातात नाही, तुमच्या बायकोच्या हातात आहे."

काकूंनी वाटीत पाहिले. मग पंगतीतल्या अनोळखी माणसांकडे पाहिले. काही शाळेतून परस्पर आलेली, काही कचेरीतून, एक बाई कडेवर लेकरू घेऊन बसलेली, आणि साऱ्यांचे हात पानाजवळ थांबलेले. त्यांनी बाटली खाली ठेवली, चिमूटभर मीठ जिभेवर ठेवले, आणि पहिल्या पानापाशी वाकल्या.